संभाजीनगरपासून तासाभरात गळ टाकायला पाणी कुठं? (गोडं पाणी, काठावरून)

खडकेश्वरचा गळवाला

सकाळी अंधारात निघून दुपारच्या जेवणाला घरी परत, एवढ्या टप्प्यातलं पाणी हवंय. शोधायला गेलं की पवना, मुळशी, भातसा अशी पुण्या-मुंबईची नावं निघतात. आपल्याकडचं विचारलं तर एकच उत्तर, ‘जायकवाडीला जा’. दहा किलोमीटर लांबीची भिंत आणि तिच्यामागं साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला फुगवटा. त्यात उभं कुठं राहायचं ते कुणी सांगत नाही.

म्हणून हा धागा. नुसती नावं नकोत. काठ कसा, तळ कसा, कोणत्या महिन्यात, परवानगी कुणाची, हे लिहा. होडी आणि जाळं या धाग्यात नाही, फक्त रॉड-रील किंवा हातगळ.

काळा_पाषाण

आधी वजाबाकी करून घेऊ, म्हणजे नवख्यांच्या चकरा वाचतील.

सलीम अली सरोवर पक्ष्यांसाठी राखलेलं आहे, तिथं गळ काढायचाच नाही. हर्सूल तलाव पिण्याच्या पाण्याचा आणि महापालिकेच्या ताब्यातला, तोही सोडा. खाम नदी शहराचं सांडपाणी घेऊन वाळूजच्या बाजूनं नाथसागराकडं, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाकडं उतरते, त्यामुळं खाम जिथं मिळते तो कोपरा खाण्याच्या माशासाठी बाद. सुखना नदी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीजवळून जाते. खालच्या धरणात मासा आहे, पण माझ्या मते तो पकडून सोडायचा, घरी न्यायचा नाही.

आता मुद्द्याचं. मराठवाड्यात जागा शोधायची तर आधी पाणीसाठ्याची टक्केवारी बघायची, मग नकाशा. मध्यम प्रकल्प (मधल्या आकाराचं पाटबंधाऱ्याचं धरण) 90 टक्के भरलेला असताना पाणी बाभळीच्या बुडात असतं, 30 टक्क्यांवर तेच पाणी दोन-तीनशे मीटर आत सरकलेलं असतं आणि मधे नुसता गाळ. त्यामुळं ‘अमक्या धरणावर तमक्या झाडाखाली’ हा पत्ता दोन महिन्यांत खोटा ठरतो.

आणि साठा फक्त या आठवड्याचा बघू नका. गेल्या दोन उन्हाळ्यांत तिथं किती पाणी उरलं होतं ते शोधा. तलाव मे महिन्यात तळाला गेला असेल तर जाळीवाले सगळा मासा काढून घेतात, आणि पुढच्या पावसाळ्यात सोडलेलं बोटुकलं (बोटाएवढं पिल्लू) वर्षाला साधारण किलोच्या आतबाहेरच पोचतं. अशा पाण्यावर मोठ्या कटल्यासाठी जाड दोर घेऊन बसण्यात अर्थ नाही. दोन उन्हाळे टिकलेलं पाणी शोधा. हा एक नियम पाळला तरी निम्मी यादी आपोआप गळते.

साठ्याचे आकडे गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडून येतात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत छापले जातात. त्यात ‘जिवंत साठा’, म्हणजे वापरता येणारं पाणी, हा रकाना बघायचा. शून्य टक्के म्हणजे कोरडं नव्हे, त्याखाली बाहेर सोडता न येणारा मृतसाठा असतोच. नाथसागराची एकूण क्षमता 2,909 दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला मृतसाठाच 738 दलघमी. म्हणून जिवंत साठा संपलेल्या वर्षीही तिथला मोठा मासा टिकून राहतो. छोट्या प्रकल्पांचा मृतसाठा म्हणजे मधोमध एक गढूळ डबकं.

पैठण_नाका

वरच्या पोस्टला जोडून कायद्याचं सांगतो, कारण नेमकं हेच कुणी सांगत नाही. जायकवाडीचा जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, क्षेत्र 341 चौ. किमी, संभाजीनगर आणि अहिल्यानगर या दोन्ही जिल्ह्यांत. म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू. वन विभागाला न विचारता आत शिरणं, रात्री मुक्काम, शेकोटी, सगळं अंगाशी येऊ शकतं. ‘तिथले लोक तर रोज जाळी लावतात’ असं म्हणू नका. ते स्थानिक मच्छीमार आहेत, त्यांचा तो पिढीजात धंदा आहे, त्यांच्या परवान्यावर आपला गळ चालत नाही. हद्द कुठून कुठवर ते आधी वन विभागाच्या कार्यालयात विचारा, मगच सामान बांधा.

हिवाळ्यात तर फुगवट्याचा उथळ काठ सोडूनच द्या. पाहुणे पक्षी तिथंच उतरतात, आणि तुटलेला तंगूस (नायलॉनचा दोर) पायात अडकलेला पक्षी जगत नाही.

गोदाकाठ

मग पैठणला करायचं काय? धरणाच्या खाली या.

भिंतीला लागून नको, तो भाग जलसंपदा विभागाचा आणि 27 दरवाज्यांच्या तोंडाशी उभं राहणं म्हणजे वेडेपणा. नागघाटापाशीही नको. तिथं लोक आंघोळ करतात, माशांना फुटाणे-लाह्या टाकतात. तिथं गळ टाकला तर मार खाल आणि तो रास्तच असेल. आणखी खाली आपेगाव आणि हिरडपुरीचे उच्च पातळी बंधारे आहेत. बंधाऱ्यामागं नदीच्या पात्रातच पाणी अडतं, त्यामुळं ते तलावासारखं पसरत नाही, दोन्ही काठ हाताशी राहतात आणि खोली काठापासून लगेच मिळते. काठावरून गळ टाकणाऱ्याला याहून सोयीचं पाणी नाही. रोहू, मृगळ, सायप्रिनस, चिलापी, खडकाच्या कपारीत वाम, खोल डोहात शिंगाडा मासा.

बंधाऱ्याच्या वर शंभरेक मीटर सोडून बसा. पात्राला वळण असेल तर बाहेरच्या बाजूला प्रवाहानं काठ खरवडलेला असतो, खोली तिथं असते; आतल्या बाजूला वाळू-गाळ साचून उथळ. पहाटे मासा उथळाच्या कडेला चरायला येतो, ऊन चढलं की समोरच्या खोलात जातो. बस्तान न हलवता आधी जवळ आणि नऊनंतर लांब फेकलं की झालं.

एक इशारा. नाथसागरात पाणी येतं ते मुख्यतः नाशिक आणि नगरच्या धरणांतून. पैठणला कडक ऊन असतं आणि वर घाटात कोसळत असतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात धरण भरत आलं की दरवाजे कधीही उचलतात. वर नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्याचा विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि नाथसागर नव्वदीच्या पुढं असेल, तर गोदापात्रात उतरायचंच नाही. भोंगा वाजवतात, पण वारा उलटा असला तर तो ऐकू येत नाही.

सातारा_परिसर_७

कायगाव टोका कुणीच कसं घेतलं नाही? नगर रोडवर पुलाखाली उतरलं की प्रवरासंगम, गाडी लावायला जागा, चहाची टपरी. बायकोला देवळात सोडा आणि बसा!

पैठण_नाका

संगम छान आहे, पण तो नाथसागराचाच फुगवटा. हद्दीचा प्रश्न तिथंही आधी सोडवावा लागतो. शिवाय दशक्रिया विधी आणि यात्रेकरूंची वर्दळ. तळाला नारळ, कापडं, निर्माल्य इतकं आहे की दर तिसऱ्या फेकीला शिसं अडकतं.

कन्नड_घाट

मध्यम प्रकल्पांबद्दल सविस्तर लिहितो, कारण परवानगीच्या बाजूनं तेच सोपे पडतात.

जवळचे म्हणजे येसगावचा गिरिजा प्रकल्प (खुलताबाद तालुका), फुलंब्री, लहुकी, आणि गंगापूर तालुक्यातलं टेंभापुरी. वेळ असेल तर कन्नडकडं शिवना टाकळी आणि अंजना पळशी. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असला तरी बांधणी एकाच धाटणीची: मातीचा बांध, आतून दगडी पिचिंग (उतारावर रचलेले दगड), एका टोकाला सांडवा, आणि मागं नाल्या-ओढ्यांच्या बोटांसारखा पसरलेला फुगवटा. नवखा माणूस गाडी थेट बांधावर नेतो आणि पिचिंगवरून फेकतो. खोली तिथं सगळ्यात जास्त, हे खरं. पण पिचिंगचे दगड पाण्याखाली पार खालपर्यंत गेलेले असतात, गळ ओढून आणताना प्रत्येक फटीत अडकतो, आणि बेसॉल्टची धार दोर कापते. शिवाय फटींत घोणस असते.

त्यापेक्षा जुना ओढा शोधा. धरण बांधण्याआधी नदी जिथून वाहायची तो चर पाण्याखाली तसाच असतो. पाणी उतरत जातं तसा मासा त्या चराच्या कडेनं सरकतो. हा चर बघायचा कसा? गूगल अर्थवर जुन्या तारखांची छायाचित्रं बघायची सोय आहे. दुष्काळी वर्षातला मे महिना काढा. चर, बुडालेल्या विहिरींची गोल तोंडं, जुना गाडीरस्ता, तोडलेल्या बाभळींची खोडं, सगळं उघडं दिसतं. मग ऑक्टोबरचं चित्र काढून दोन्ही एकावर एक ताडून बघा. जिथं चर काठाच्या तीस-चाळीस मीटर जवळून जातो ती जागा खूण करून ठेवा. अशी जागा एका प्रकल्पावर दोन किंवा तीनच निघतात. बाकी काठ मैलभर चालून काही फायदा नाही.

बुडालेली विहीर फार चांगली जागा, पण फक्त लांबून फेकायला. पाणी गुडघाभर झालं की तिच्याजवळून चालत जायचं नाही, कठडे केव्हाच ढासळलेले असतात.

वाऱ्याचं गणित: पाण्यावर बारीक लाटा येत असतील तर वारा ज्या काठावर आदळतो तिथं बसा, तोंडावर वारा घेऊन. फेकायला त्रास होतो, पण तरंगतं शेवाळ, किडे सगळं त्या काठाला ढकललं जातं, आणि कटला त्यामागं येतो. फेब्रुवारी ते एप्रिल हाच या पाण्यांचा खरा हंगाम. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बसण्यात राम नाही, पाणी थंड असतं. दहा ते तीन बसा. जून ते ऑगस्ट पोटात गाभोळी असते, तेव्हा दोर गुंडाळून ठेवलेला बरा.

खडकेश्वरचा गळवाला

कन्नड भाऊ, नाद केला! चराची कड नेमकी गाठली की नाही हे काठावरून कसं कळायचं? खोली मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही.

काळा_पाषाण

यंत्र लागत नाही. दोराला नुसतं 30 ग्रॅमचं शिसं बांधा, गळ नको. फेका, शिसं पाण्याला लागलं की दोर ताणलेला ठेवून मनात आकडे म्हणा. शिसं तळाला टेकलं की ताण जातो, दोर सैल पडतो. तो आकडा लक्षात ठेवा. आता पंख्यासारखं डावीकडून उजवीकडं, प्रत्येक दिशेला जवळ-मध्यम-लांब असं फेकत जा. आकडा तीन-तीन येता येता एकदम सहा आला की चर सापडला.

मग ओढताना हाताला काय लागतं ते बघा. खरखर म्हणजे मुरूम किंवा गोटे, हे उत्तम. जड, चिकट, सारखी ओढ म्हणजे गाळ. त्यात आमिष बुडतं आणि माशाला दिसत नाही. गच्च धरून मग सुटतं म्हणजे पाणगवत. गाळाच्या तळावर बसणं भागच असेल तर गळ आणि शिसं यांच्यातला दोर अर्ध्या फुटाऐवजी सव्वा फूट ठेवा आणि शिसं चपटं घ्या. जागा ठरली की रीलजवळ दोरावर मार्करनं खूण करा, म्हणजे प्रत्येक फेक तेवढ्याच अंतरावर पडेल.

कहारवाडा

दोराबद्दल. मध्यम प्रकल्पावर 0.30 मिमीचा साधा तंगूस पुरे, बाभळीच्या खोडांत 0.40. ब्रेडेड दोर ताणाला भारी पण दगडाला घासला की चरकन तुटतो. तो वापरायचाच असेल तर पुढं दोन-तीन मीटर साधा जाड तंगूस जोडा. गाठ ओली करून आवळा. कोरडी आवळली की तंगूस तापून तिथंच कमजोर होतो, आणि मग ‘मासा मोठा होता, दोर तोडून गेला’ असं लोक सांगत फिरतात! तुटलेलं टोक बघा. कुरळं वळलेलं असेल तर गाठ सुटली, खरवडलेलं पांढरं असेल तर दगडानं कापलं.

रीलचा ब्रेक दोराच्या ताकदीच्या चौथाईवर ठेवायचा. पूर्ण आवळून ठेवला तर सायप्रिनसच्या पहिल्याच धावेत रॉड पाण्यात.

आमिष: शेंगदाणा पेंड अर्धा किलो, फुटाण्याचं पीठ पाव किलो, कणीक पाव किलो, गूळ 50 ग्रॅम. क्रम महत्त्वाचा. पेंड कुटून कोमट गुळवणी पाण्यात वीस मिनिटं भिजू द्या, ती पाणी सावकाश पिते. मग फुटाण्याचं पीठ, आणि कणीक सगळ्यात शेवटी, घट्टपणा येईल तेवढीच. कणीक घातल्यावर वरून पाणी ओतलं की चिकट लगदा होतो, फेकतानाच गळावरून उडतो. उलट कणीक जास्त झाली की रबर होतं, मासा चोखतो पण गळ तोंडात जात नाही. घरीच बादलीत गोळी सोडून बघा: दहा मिनिटं स्थिर टिकली पाहिजे आणि जोरात झटका दिला की सुटली पाहिजे.

पेंड घाण्यावरून ताजी आणा. जनावरांच्या खाद्याच्या दुकानातली पोत्याच्या तळची बुरशी धरलेली पेंड स्वस्त पडते, पण रोहू तिच्याकडं फिरकत नाही.

मजनू_हिल

आणि इसेन्स? व्हॅनिला, केवडा, दालचिनी, बाजारात ‘कटला स्पेशल’ म्हणून बाटल्या मिळतात त्या?

कहारवाडा

एक थेंब चालतो, झाकणभर नाही. माशाला वास आपल्यापेक्षा लवकर येतो. पैसे घालवायचेच असतील तर चांगल्या गळांवर घालवा. गळ नखावर घासून बघायचा. रुतला तर ठीक, घसरला तर फेकून द्या.

काळा_पाषाण

इसेन्सबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. उन्हाळ्यात गढूळ पाण्यात वासाचा उपयोग होतो, नितळ पाण्यात नाही. पण खरी अडचण वासाची नाही, चिल्लरची आहे. चिलापी आणि बारीक खवल्या मासा मिनिटात गोळी साफ करतात. तिथं मका लावा. वाळलेला मका रात्रभर भिजवून अर्धा-पाऊण तास उकडा, दाणा नखानं दबला पाहिजे पण फुटलेला नको. दोन दाणे गळावर, टोक मोकळं. चिल्लर त्याला टोचत बसते, काढू शकत नाही.

आधी टाकायचा चारा: गव्हाचा कोंडा, मक्याचा भरडा आणि थोडी काळी माती यांचे लिंबाएवढे दहा-बारा गोळे, बस. दोन-दोन किलो ओतणारे लोक माशांना जेवू घालून घरी येतात.

शेलगाव_शिवार

बाबांनो, एक गोष्ट कुणीच लिहिली नाही ती मी शेतकरी म्हणून सांगतो. प्रकल्पाच्या काठानं आमच्या मोटारी असतात. केबल जमिनीवरून, कधी पाण्यातून गेलेली, जोड ठिकठिकाणी पट्टी मारलेला. लाईट रात्री बारालाही येते. मोटारीच्या पाइपाजवळ मासा जमतो म्हणून तिथं गळ टाकू नका. फुटव्हॉल्व्हच्या (पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाच्या) जाळीत गळ अडकला की तुम्ही पाण्यात उतरून ओढणार, आणि केबल कुठं उघडी आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. कार्बनचा रॉड विजेच्या तारेखालून उभा धरून नेऊ नका, त्यातून करंट येतो. आडवा धरा.

दुसरं, गाळपेरा. पाणी उतरलं की मोकळ्या झालेल्या गाळात आम्ही हरभरा, कलिंगड, भुईमूग लावतो. ती जमीन सरकारची असली तरी पीक आमचं आहे. बांधानं या, दोन शब्द बोला, कुणी नाही म्हणणार नाही. वेलावरून चालत गेलात तर मात्र गाडीची हवा जाईल.

तिसरं, गाळ. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो, खाली दोन हातावर दही असतं. पुढं पाय टाकण्याआधी काठी रोवून बघायची. एकदा मांडीपर्यंत गेला की उभ्यानं जोर लावल्यावर आणखी खाली जातो. आडवं पडायचं, वजन पसरायचं, आणि सरपटत मागं यायचं. एकट्यानं तर जाऊच नये.

गोदाकाठ

+१. शेवटचा परिच्छेद धाग्याच्या माथ्यावर लावा.

गंगापूर_रोड

केटी बंधारे राहिले. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा सरला की फळ्या टाकतात आणि पुढच्या पावसाच्या आधी काढतात. फळ्या टाकल्यावर महिनाभर पाणी बसू द्या. मोठा मासा क्वचितच असतो, पण फळ्यांच्या फटीतून जिथं पाणी गळतं त्याच्या खालच्या खळग्यात वाम मिळते. गांडूळ लावा, बारीक गळ, संध्याकाळनंतर. वाम लागली की लगेच ओढून घ्या, ढिलाई दिली तर दगडात शेपटी गुंडाळून बसते आणि मग दोरच तुटतो. पाठीवर काटे असतात, ओल्या फडक्यानं धरा. शिंगाड्याचं त्याहून वाईट. त्याच्या बाजूच्या काट्याला करवतीसारखे दात असतात, घुसला की मांस घेऊन निघतो. गळ पकडीनं काढा.

पाझर तलावांवर वेळ घालवू नका. त्यांचं कामच पाणी जिरवायचं. फेब्रुवारीत तिथं पोरं क्रिकेट खेळतात.

मजनू_हिल

मरळ कुठं मिळेल? सगळे रोहू-कटल्याचंच लिहितायत.

कन्नड_घाट

मरळ खोल पाण्यात शोधू नका. फुगवट्याची शेपूट, जिथं ओढा आत येतो, पाणी दोन-तीन फूट आणि लव्हाळं किंवा पाणगवत दाट. मरळ हवेतला श्वास घेते, त्यामुळं दर काही मिनिटांनी वर येऊन तोंड उघडते, ‘पुक्’ असा आवाज होतो आणि एक कडं उठतं. पहाटे वारा पडलेला असताना अर्धा तास नुसतं बसून कडी बघा. रबरी बेडूक त्या कड्याच्या दोन-तीन मीटर पुढं टाका, अगदी डोक्यावर नको. गवतावरून थांबत-थांबत आणा. पाणी उसळलं की लगेच झटका देऊ नका. एक, दोन म्हणा, दोर जड लागला की मग. घाईनं नुसता बेडूक हवेत येतो. दोर इथं ब्रेडेडच, कारण गवतातून उपटून काढावी लागते.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका खदखदताना दिसला की त्याखाली आई-बाप असतात. ते भुकेनं नाही, रागानं गळावर तुटून पडतात, म्हणून तेव्हा मरळ मारणं अगदी सोपं. तसली मरळ धरू नये. राखण गेली की चिलापी त्या पिल्लांचा फडशा पाडते, आणि पुढच्या वर्षी त्या कोपऱ्यात कडी उठत नाहीत.

सातारा_परिसर_७

शेततळ्यावर पैसे देऊन गळ टाकू देतात म्हणे. त्याचं काय?

शेलगाव_शिवार

देतात, मालक ओळखीचा असेल तर. योजनेतलं 30 बाय 30 मीटर आणि 3 मीटर खोल शेततळं म्हणजे आत 500 मायक्रॉनचं प्लास्टिक अस्तर. तळावर शिसं ओढलं आणि गळ अस्तरात रुतला तर भोक पडतं, पाणी रातोरात जमिनीत. म्हणून तिथं फक्त बूच लावून, तळापासून दोन फूट वर. आत रूपचंद सोडला असेल तर त्याला दात असतात, पातळ दोर चावून तोडतो. काठ उतरता आणि गुळगुळीत, पडलेल्याला वर येता येत नाही. गाठी मारलेला दोरखंड खुंटीला बांधून पाण्यात सोडल्याशिवाय काठावर बसू नका.

निराला_बाजार

खाण्याबद्दल कुणी सांगेल का? उन्हाळ्यातल्या माशाला मातकट वास येतो, तो दूषित असतो का?

काळा_पाषाण

मातकट वास बहुधा निळ्या-हिरव्या शेवाळाचा. तो चिंचेच्या कोळात आणि मिठात अर्धा तास ठेवून, पोटातलं काळं अस्तर खरडून काढलं की बराच जातो. रॉकेलसारखा किंवा औषधासारखा वास आला तर मात्र काहीही करून जात नाही, तो मासा खायचा नाही. पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी साय दिसली तर त्या दिवशी गळच टाकू नका. पहाटे मासे वर येऊन तोंड वासत असतील तर पाण्यात हवा कमी पडली आहे. ते आमिष घेणार नाहीत, आणि मेलेले तरंगणारे तर उचलूच नका. पहिल्या वळवानंतर नाल्यांची घाण आत येते तेव्हा हे हमखास होतं.

पैठण_नाका

परवानगीचं शेवटचं टोक. तलावांचा मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग सहसा मच्छीमार सहकारी संस्थांना देतो, पाच वर्षांसाठी. लहान तलाव जिल्हा परिषदेकडं किंवा ग्रामपंचायतीकडं. कोणता कुणाकडं, हे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात कळतं. बोटुकली संस्थेनं पैसे घालून सोडलेली असतात, म्हणून न विचारता गळ टाकणं ही त्यांच्या लेखी चोरी. संस्थेच्या सचिवाला किंवा राखणदाराला आधी भेटा आणि तीन गोष्टी तोंडी ठरवा: पैसे रॉडमागं की किलोमागं, मासा न्यायचा की सोडायचा, आणि जाळी कुठं लावली आहेत. तिसरी विसरू नका. जाळ्यात गळ अडकून ते फाटलं तर दिवसभराच्या पैशांच्या दहापट भरपाई द्यावी लागते.

कुठंही जिलेटिन किंवा विष टाकताना कुणी दिसलं तर कळवा. 1897 च्या कायद्यापासून तो गुन्हा आहे.

खडकेश्वरचा गळवाला

सगळ्यांचे आभार. आपेगावची बाजू आणि येसगाव आधी धरतो. जायकवाडीचा डावा कालवा राहिला. तिथं लोक बसलेले दिसतात, ते बरोबर की चूक?

गोदाकाठ

आवर्तन (कालव्याला पाळीनं सोडायचं पाणी) सुटलेलं असताना चूकच. अस्तरीकरण केलेल्या कालव्याच्या बाजू तिरप्या आणि शेवाळलेल्या असतात, पडलेल्या पोहणाऱ्यालाही पकड मिळत नाही. आवर्तन बंद झाल्यावर मात्र पुलांखाली, गेटांच्या खाली आणि जिथं कालव्याचा तळ एकदम उतरतो तिथं डबकी राहतात. धरणातून वाहून आलेला मासा त्यांत कोंडतो. कालवा जलसंपदा विभागाचा, तेव्हा त्या शाखेच्या कालवा चौकीदाराला विचारा. पुढचं पाणी कधी सुटणार हेही त्यालाच पक्कं माहीत असतं. पायऱ्या आहेत तिथूनच उतरा. उतरण्याआधी भिंतीवरच्या शेवाळाकडं बघा: ओलं आणि हिरवंगार असेल तर पाणी नुकतंच उतरलंय, मासा अजून डबक्यात आहे, वाळून पापुद्रे सुटले असतील तर गावातल्या पोरांनी ते डबकं कधीच उपसून नेलंय.